दाढीचा हिशेब

नालासोपाऱ्याच्या एका भगिनीचे पत्र दोन महिन्यांपासून माझ्या वहीत पडून आहे. त्या लिहितात, "मुलाने मोबाईलवर व्हिडिओ बघून जुन्या पद्धतीचा दाढीचा सेट मागवला. म्हणतो, अम्मी, यात पैसे वाचतात. रेझर आला, ब्रश आला, वाटी आली, स्टँड आला. वाचलेले पैसे मात्र मला अजून दिसले नाहीत. तुम्ही हिशेब करून सांगा."

उत्तराला उशीर झाला, कारण नेमके हेच आमच्याही घरात चालू होते. आपल्या घरचा सहा महिन्यांचा हिशेब पुरा होण्याआधी दुसऱ्याला सल्ला देणे मला बरे वाटेना. आता तो पुरा झाला आहे.

आमच्या घरात चार पुरुष आणि चौघांच्या चार तऱ्हा. अब्बा, म्हणजे माझे सासरे, ७६ वर्षांचे. त्यांना पूर्ण दाढी आहे, पण दर जुम्म्याला गालावरचे आणि गळ्याखालचे खत साफ झालेच पाहिजे. ह्यांची दाढी आखूड; खत काढायला महिन्यातून दोनदा सलूनमध्ये जातात. थोरला अंधेरीला नोकरीला, तो रोज गुळगुळीत दाढी करणारा. (त्याने दाढी ठेवावी असे अब्बांना वाटते. तो विषय दस्तरखानावर पुष्कळदा निघतो, इथे नको.) धाकटा अकरावीत आहे आणि आरशासमोर बराच वेळ उभा राहतो, एवढेच सध्या त्याच्याबद्दल सांगता येईल.

थोरल्याचा जुना खर्च आधी मांडते. आठवड्याला पाच दाढ्या, वर्षाच्या २६०. तीन पात्यांच्या कार्ट्रिजचे चाराचे पाकीट आमच्या गल्लीतल्या मेडिकलमध्ये ५०० रुपयांना, म्हणजे एक नग १२५ ला. एक कार्ट्रिज तो दहा दाढ्या चालवायचा. वर्षाला २६ कार्ट्रिज, ३,२५० रुपये. त्यावर दाबून फेस काढायचा डबा २२० रुपयांचा, दोन महिन्यांत रिकामा. वर्षाचे सहा डबे, १,३२०. एकूण ४,५७० रुपये.

मी वही लिहिणारी बाई, पण ही बेरीज मी कधी केली नव्हती. ही पाकिटे अब्बांच्या गोळ्यांबरोबर मेडिकलमधून यायची आणि गोळ्यांच्या बिलातच लपून जायची. महिन्याचे औषधाचे बिल वाढले की मी डॉक्टरांना नावे ठेवायची.

आता साधी पद्धत. दोन्ही बाजूंनी धार असलेल्या ब्लेडचे पाचाचे पाकीट आमच्याकडे १५ रुपयांना मिळाले. एक ब्लेड चार दाढ्या सहज चालते. वर्षाला ६५ ब्लेड, १९५ रुपये. क्रीमची ७० ग्रॅमची ट्यूब ७५ रुपयांना. ब्रशने फेस काढायचा तर वाटाण्याएवढे क्रीम पुरते, म्हणजे वर्षाला चार ट्यूब, ३०० रुपये. (शेव्हिंग क्रीमवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. जुन्या किमतीचा शिक्का असलेली ट्यूब कोणी पुढे केली तर विचारून घ्या.) एकूण ४९५ रुपये. जुन्या खर्चातून हे वजा करा: ४,०७५ रुपये उरतात. त्यात गॅसचे चार सिलिंडर येऊन वर काही शिल्लक राहील.

म्हणजे व्हिडिओवाले खोटे बोलत नाहीत. पण या ४,०७५ रुपयांकडे जरा नीट बघू. त्यातले १,०२० रुपये फेसाच्या डब्याऐवजी क्रीम घेतल्याचे आहेत. त्यांचा रेझरशी काहीच संबंध नाही. कार्ट्रिज तसेच ठेवून नुसता ब्रश हातात घेतला असता तरी ते वाचलेच असते. राहिला रेझर. तर बाजारात एका पात्याचे साधे, स्वस्त कार्ट्रिजही मिळते. आमच्याकडे १२ रुपयांना, सहा दाढ्या चालते. वर्षाला ४४ नग, ५२८ रुपये. ब्लेडचे १९५, याचे ५२८. फरक ३३३ रुपयांचा, दिवसाला रुपयाही नाही. महाग कार्ट्रिज सोडले की मोठी बचत तिथेच झाली. त्यापुढे ब्लेड की स्वस्त कार्ट्रिज, हा सवयीचा आणि हाताचा प्रश्न आहे, पैशाचा फारसा नाही.

हे महाग कार्ट्रिज घरोघरी आले कसे? अमेरिकेत किंग कॅम्प जिलेट नावाच्या माणसाने बदलता येणाऱ्या पातळ ब्लेडचा रेझर काढला. १९०३ साली, विक्रीच्या पहिल्या वर्षी, ५१ रेझर आणि १६८ ब्लेड खपली. पुढच्याच वर्षी रेझरचा आकडा ९० हजारांवर गेला आणि नोव्हेंबर १९०४ मध्ये पेटंट मिळाले. रेझर फुकटासारखा द्यायचा आणि ब्लेडवर कमवायचे ही त्याची युक्ती, असे सगळीकडे सांगतात. प्रत्यक्षात सुरुवातीला तो रेझर पाच डॉलरला विकत होता, त्या काळी ती मोठी रक्कम होती. पेटंट संपल्यावर कोणीही तसले ब्लेड बनवू लागले. आपल्या शेजारी ठाण्यातच वागळे इस्टेटमध्ये सुपरमॅक्सची पाती बनत. टोपाझ, सेव्हन ओ'क्लॉक, पनामा ही नावे आपल्या वडिलांच्या पिढीला तोंडपाठ आहेत. कोणतेही ब्लेड कोणत्याही रेझरमध्ये बसे, म्हणून किंमत चढवायला जागाच नव्हती. कार्ट्रिजचे तसे नाही. एका कंपनीच्या दांड्याला त्याच कंपनीचे डोके लागते. १९९८ मध्ये तीन पात्यांचे आले, २००६ मध्ये पाच पात्यांचे. दांडा एकदा घेतला की गिऱ्हाईक बांधले गेले.

स्वस्त कार्ट्रिजची गोष्ट मात्र आपल्या इकडची आहे आणि मला ती फार आवडते. भारतासाठी म्हणून कंपनीने आधी एक रेझर काढला होता. त्याची परीक्षा अमेरिकेत शिकणाऱ्या भारतीय मुलांवर घेतली. मुलांना तो पसंत पडला, भारतात मात्र चालला नाही. कारण काय, तर त्या मुलांच्या वसतिगृहात नळाला धो धो पाणी होते आणि इथला माणूस भांडेभर पाण्यात दाढी करतो. तेवढ्या पाण्यात पात्यांत अडकलेले केस निघेनात. मग कंपनीची माणसे इथल्या घरांत येऊन बसली आणि लोक जमिनीवर बसून, अंधुक उजेडात, हातातल्या छोट्या आरशात बघून दाढी कशी करतात ते त्यांनी पाहिले. त्यातून एका पात्याचा, धुवायला सोपा, कापू नये म्हणून पुढे कंगव्यासारखे दात असलेला जिलेट गार्ड निघाला. ऑक्टोबर २०१० मध्ये तो आला तेव्हा रेझर १५ रुपयांना आणि कार्ट्रिज ५ रुपयांना होते. पाण्याची वाट बघत सकाळी बादल्या मांडून बसलेल्या आपल्या वसई-विरारच्या कोणत्याही बाईला विचारले असते, तर तिने हे परीक्षेआधीच सांगितले असते.

पाण्यावरून आठवले. सूर्याचे पाणी ज्या दिवशी येत नाही त्या दिवशी आमच्याकडे टँकर नाहीतर बोअर. बोअरचे पाणी जड. त्यातल्या क्षारांमुळे साबण फेस धरत नाही, वाटीला पांढरी साय चिकटते. थोरला पहिले आठ दिवस म्हणत होता की क्रीमच खराब आहे. मी त्याला वाटीभर पिण्याचे गाळलेले पाणी दिले. फेस लगेच जमला. तुम्हीही तेवढे करा, वाटीभर पाण्याने काही अडत नाही.

आता थोरल्याच्या पार्सलकडे येते. त्याच्या कार्डाच्या बिलावरून मी आकडे उतरवून घेतले: रेझर १,८५०, ब्रश ९००, लाकडी वाटीतला साबण ७००, दाढीनंतर लावायचे लोशन ५५०, स्टँड ४००, आणि निरनिराळ्या देशांच्या ब्लेडचे नमुन्याचे पाकीट ४५०. बेरीज ४,८५०. महाग कार्ट्रिजचा वर्षाचा खर्च ४,५७० होता हे लक्षात असेलच. पैसे वाचवायच्या नादात पहिल्याच दिवशी वर्षाहून जास्त खर्च झाला होता.

आणि पुढे वेगळीच पंचाईत झाली. अब्बांनी ब्रश हातात घेतला, अंगठ्याने केस उलटसुलट केले आणि विचारले, "हे केस कशाचे आहेत?" थोरल्याने खोका आणला. त्यावर लिहिले होते 'बोअर ब्रिसल'. आमच्या वसईत बोअर म्हणजे एकच. धाकटा म्हणाला, "बोअरच्या पाण्यात चालणारा ब्रश असेल." मोबाईलवर अर्थ बघितला तेव्हा सगळे गप्प झाले. बोअर म्हणजे डुक्कर. दाढीच्या ब्रशसाठी जगभर हे केस सर्रास वापरतात, स्वस्त ब्रशांतही आणि महाग ब्रशांतही. ब्रश त्याच दिवशी कचऱ्यात गेला.

मग मी चष्मा लावून साबणाचा कागद वाचला. त्यात 'टॅलो' होते, म्हणजे जनावराची चरबी. कोणत्या जनावराची ते लिहिले नव्हते. साबणाच्या यादीत तेच 'सोडियम टॅलोएट' या नावानेही येते. साबणही गेला. म्हणजे १,६०० रुपये असे गेले. भगिनींनो, तुमच्या मुलांनी सेट मागवला असेल तर आज संध्याकाळी एवढे दोन कागद वाचा. ब्रशवर 'नायलॉन' किंवा 'सिंथेटिक' लिहिलेले हवे. नुसते 'नॅचरल ब्रिसल' असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नका. आमचा नायलॉनचा ब्रश १२० रुपयांना आला आणि फेस तितकाच काढतो. क्रीममध्ये स्टिअरिक ॲसिड असते. ते वनस्पतींपासूनही बनते आणि चरबीपासूनही, म्हणून ज्या ट्यूबवर शाकाहारी किंवा हलाल असे स्पष्ट छापले आहे ती निवडा. अल्कोहोलच्या लोशनबद्दल आपापल्या आलिमांना विचारा. मी हिशेबाची बाई, मसल्यात पडत नाही. आमच्याकडे तरी लोशनच्या जागी तुरटीचा खडा आहे. दहा-पंधरा रुपयांचा खडा वर्ष काढतो, बारीक कापले तर रक्त धरतो आणि टँकरचे गढूळ पाणी निवळायला तोच कामाला येतो. (दोन खडे वेगळे ठेवा, हे सांगायला नको.)

ब्लेड किती चालते यावर सारा हिशेब उभा आहे, म्हणून त्याबद्दल थोडे. केस तर पोलादाच्या मानाने कितीतरी मऊ, सुमारे पन्नास पटींनी. मग धार जाते कशी? अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले आणि ऑगस्ट २०२० मध्ये 'सायन्स' नियतकालिकात छापले. धार नुसती झिजत नाही. केस वाकडा येऊन धारेच्या कमकुवत जागी आपटला की तिथला बारीकसा कपचा उडतो. केस भिजले की मऊ होतात आणि कापायला कमी जोर लागतो. तेव्हा आधी गुसल, मग दाढी. निदान दोन-तीन मिनिटे चेहरा ओला असू द्या. कोरड्या गालावर ब्लेड फिरवणारा माणूस आपले पैसे खरवडत असतो. शिवाय आपल्या खाऱ्या हवेत, त्यातून पावसाळ्यात, मोरीत ओला ठेवलेला रेझर दोन दिवसांत तांबूस होतो. काम झाले की झटकून, फडक्याला टिपून मोरीबाहेर ठेवायचा. कार्ट्रिजलाही हेच लागू आहे. थोरल्याचे १२५ रुपयांचे कार्ट्रिज दहा दाढ्यांत संपायचे, त्यात थोडा दोष मोरीतल्या त्या ओल्या कोनाड्याचा असणार असे मला आता वाटते.

हिशेबात न बसणारी एक गोष्ट म्हणजे वेळ. ब्लेडने नीट दाढी करायला थोरल्याला बारा मिनिटे लागतात, कार्ट्रिजने पाच. वसई रोडहून अंधेरीकडे जाणारी सकाळची लोकल सात मिनिटे थांबत नाही. पहिल्याच आठवड्यात त्याने घाईत हनुवटी कापून घेतली आणि पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर डाग घेऊन गाडीत चढला. मग घरात तोडगा निघाला: कामाच्या दिवशी एका पात्याचे स्वस्त कार्ट्रिज आणि ब्रशचा फेस, रविवारी ब्लेड. सहा महिन्यांचा खर्च असा: कार्ट्रिज १८ नग, २१६ रुपये. ब्लेडची दोन पाकिटे, ३०. दोन ट्यूब, १५०. नायलॉनचा ब्रश १२०. एकूण ५१६. जुन्या पद्धतीने याच काळात २,२८५ झाले असते. वाचले १,७६९. या वेगाने त्याचे ४,८५० भरून निघायला साडेसोळा महिने लागतील, आणि तेही मध्ये नवीन पार्सल आले नाही तर. व्हिडिओत दर आठवड्याला नवा रेझर दाखवतात, ही माझी खरी काळजी आहे.

एका पात्याचा त्याला आणखी एक फायदा झाला. गळ्यावर त्याला कायम लाल पुटकुळ्या यायच्या. जास्त पाती केसाला ओढून कातडीच्या खालून कापतात आणि कुरळा केस मग आतल्या आत वळतो. ज्यांना असा त्रास होतो त्यांना त्वचेचे डॉक्टरही एक-दोन पात्यांचाच रेझर सुचवतात. पुटकुळ्या कमी झाल्या आणि मलमाची ट्यूब आणणे थांबले. ते पैसे मी हिशेबात धरलेले नाहीत.

ह्यांच्या सलूनचे ८० रुपये, महिन्यातून दोनदा, वर्षाचे १,९२०. हे घरी करा म्हणून मी सांगून पाहिले. म्हणाले, "तिथे गल्लीच्या बातम्या कळतात." मी तो नाद सोडला. एवढे मात्र बजावून ठेवले आहे की न्हाव्याने वस्तऱ्यात नवे ब्लेड तुमच्या डोळ्यांसमोर मोडून घालायला हवे. कावीळ ब आणि क रक्तातून पसरते, आणि एकमेकांचे ब्लेड वापरणे हा तिचा एक रस्ता आहे. घरातही तेच. बापलेकांचा रेझर एक नको, आणि शरीराच्या इतर स्वच्छतेचा रेझर चेहऱ्याच्या रेझरपासून वेगळा हवा. चाळीस दिवसांची मर्यादा सगळ्यांना ठाऊक असते. ब्लेड मात्र पुष्कळ घरांत तेच ते गंजलेले असते. तीन रुपयांच्या ब्लेडचा खरा उपयोग मला विचाराल तर इथे आहे. दरवेळी नवे घ्या आणि टाकून द्या. टाकताना उघडे टाकू नका, घंटागाडीवरची माणसे हातानेच कचरा निवडतात. अब्बांनी पावडरच्या पत्र्याच्या डब्याला वर फट पाडून घेतली आहे, वापरलेले ब्लेड त्यात जाते. तो डबा माझ्या लग्नाआधीपासूनचा आहे आणि अजून भरलेला नाही.

आता अब्बांचे. त्यांचा पितळी रेझर तरुणपणी मोहम्मद अली रोडवरून घेतलेला. दिवस ओढीचे असताना ते जुने ब्लेड काचेच्या ग्लासच्या आतल्या बाजूला घासून पुन्हा धार आणायचे, हे मी स्वतः पाहिले आहे. एका ब्लेडचा त्यांनी महिना केला. दोन वर्षांपासून त्यांचा उजवा हात थरथरतो आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे. कोणी काही म्हटले तर म्हणत, "पन्नास वर्षांचा हात आहे, त्याला वाट ठाऊक आहे." गेल्या पावसाळ्यात एका जुम्म्याला जबड्याखाली कापले आणि रक्त थांबेना. तुरटीने थांबेना, बर्फाने थांबेना. तीन फडकी भिजली. थांबले तेव्हा खुत्बा सुरू होऊन गेला होता. त्या दिवशी ते मशिदीत गेले नाहीत, खिडकीपाशी बसून राहिले आणि कोणाशी बोलले नाहीत.

डॉक्टरांनी सांगितले, ही गोळी घेणाऱ्याने ब्लेडपासून लांब राहावे, विजेचा ट्रिमर बरा. १,३०० रुपयांचा ट्रिमर आणला. अब्बांना त्याचा आवाज आवडत नाही, आणि खत ब्लेडसारखे रेखीव येत नाही अशी दर जुम्म्याला तक्रार असते. सून आपली दाढी साफ करते हे पहिल्या दोन वेळा त्यांना जड गेले. आता नाश्ता झाला की स्वतःच टॉवेल गळ्यात घालून खुर्ची उजेडात ओढतात.

पितळी रेझर त्यांनी थोरल्याला दिला. त्यात तेच १५ रुपयांच्या पाकिटातले ब्लेड बसते. म्हणजे १,८५० चा रेझर मागवण्याची गरजच नव्हती. तो आता कपाटात आहे आणि धाकट्याचा त्यावर डोळा आहे. नालासोपाऱ्याच्या भगिनींनाही मी म्हणेन, माळ्यावरचा जुना डबा एकदा उघडून बघा. रविवारी थोरला पितळी रेझर घेऊन बसतो आणि अब्बा समोरून सांगत असतात, "दाबू नकोस, त्याच्या वजनानेच जाऊ दे."

ट्रिमरचे १,३०० मी दाढीच्या पानावर लिहिलेले नाहीत. ते औषधांच्या पानावर आहेत.